पुस्तकात पिरॅमिड, कारखान्यात लाल वही: धंद्यातली माहितीची यंत्रणा शिकायची कुठून?

रामबागकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

आमच्या घरात सध्या एकाच विषयाचे दोन विद्यार्थी आहेत. एक माझी मुलगी. ती बीबीएच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे आणि तिला 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम' नावाचा पेपर आहे. दुसरा मी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन वर्षभर झालं, साडूच्या नमकीनच्या कारखान्यात, इंदूरच्या सांवेर रोडला, हिशेबाला बसतोय.

मुलीच्या पुस्तकात एक पिरॅमिड आहे. तळाला रोजचे व्यवहार, वर मधल्या साहेबांचे रिपोर्ट, त्याच्या वर निर्णयाला मदत करणारी यंत्रणा आणि टोकाला डायरेक्टर लोक. दोन संध्याकाळी तिने तो पाठ केला आणि मग मला विचारलं, "बाबा, काकांच्या कारखान्यात हा पिरॅमिड कुठे आहे?"

मी गप्प. कारण कारखान्यात दोन वर्षांपूर्वी घेतलेलं मोठं सॉफ्टवेअर आहे, एका छोट्या गाडीच्या किमतीचं. आणि मुनीमजींची लाल वही आहे, किंमत साठ रुपये. साडूंना माल किती शिल्लक आहे हे हवं असतं तेव्हा ते स्क्रीनकडे बघत नाहीत, मुनीमजींकडे बघतात. गेल्या शनिवारी स्क्रीनवर रतलामी शेव ३४० किलो होती. गोदामात मोजली तर २९०. वहीत २८८.

तर प्रश्न असा, की हे शिकायचं कसं? पुस्तकाने मुलीचं भागेल, पण मला ते पन्नास किलो शोधायचे आहेत.

शून्यबाकी
काका, चोरी धरून चाला आणि मग एकेक शक्यता खोडत जा. हा झाला करसल्लागाराचा सल्ला. :)

गंमत सोडा. माझं ऑफिस सियागंजच्या घाऊक बाजारात आहे. व्यापारी माहितीची यंत्रणा कशी शिकतात ते मी १ जुलै २०१७ पासून रोज बघतोय. जीएसटीच्या आधी कच्ची वही, पक्की वही, मालकाच्या डोक्यातली वही अशा तीन वह्या गुण्यागोविंदाने नांदायच्या. आता तुमच्या पुरवठादाराने त्याच्या विक्रीचं विवरण भरलं नाही, तर तुमच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टल आपोआप बनवतं त्या क्रेडिटच्या यादीत, दिसतच नाही. म्हणजे तुमचे पैसे दुसऱ्याच्या आळसात अडकले. विक्रीचं विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, २बी तयार होतं १४ला, कर भरायचा २०ला. या तीन तारखांमधले नऊ दिवस सियागंजात जेवढे फोन होतात तेवढे लग्नसराईतही होत नसतील. "भिया, मेरा बिल चढ़ाया क्या?"

एका दुकानाचा हिशेब दुसऱ्या दुकानाच्या हिशेबाला बांधला गेला, हा खरा बदल. पूर्वी माझ्या वहीतली चूक माझीच असायची. आता माझी चूक शेजाऱ्याच्या खिशातून जाते. मुलीला सांगा, पिरॅमिड उभा काढतात, पण धंद्यात माहिती आडवी वाहते.

पोहेजिलबी
आडवी माहिती, उभा पिरॅमिड. सकाळी सकाळी डोकं फिरलं. छप्पन दुकानला या कोणीतरी, पोह्यांवर जिरावन मसाला टाकून बोलू.

उषाताई_लोकमान्यनगर
मी लोणची-पापडांचा घरगुती उद्योग करते, चौदा वर्षं झाली. माझी यंत्रणा म्हणजे स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. ज्या दिवशी ऑर्डर द्यायची त्या चौकोनात नाव आणि वजन. माल दिला की काट, पैसे आले की त्यावर गोल. नुसती काट दिसली की उधारी. लांबून एक नजर टाकली तरी कळतं.

आता पैसे मोबाइलवर येतात आणि काउंटरवरचं ते डबडं ओरडून सांगतं. मुलगा म्हणाला, आई आता कॅलेंडर कशाला, सगळी नोंद बँकेत आहेच की. तीन महिने ऐकलं त्याचं. मग लक्षात आलं की बँकेत 'कोणी, किती, कधी' आहे, पण 'कशाचे' नाही. २४० रुपये आले. लिंबाच्या लोणच्याचे की पोह्यांच्या पापडाचे? पुढच्या उन्हाळ्यात पापडखार किती आणायचा ते बँक सांगणार आहे का?

कॅलेंडर परत लावलं. आता सोबत एक्सेलची शीटही आहे, पण ती मी कॅलेंडरवरून भरते. उलटं नाही.

पुणेकर_इंदुरी
उषाताई, तुम्ही जे सांगितलंत ते शिकवायला आम्ही कंपन्यांकडून दिवसाला काही हजार घेतो.

मी अठरा वर्षं ईआरपी, म्हणजे खरेदीपासून विक्रीपर्यंतचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायच्या धंद्यात आहे. आधी इंदुरात, आता पुण्यात. रामबागकर काका, तुमच्या मुलीला एक गोष्ट सांगा. अमेरिकेत हर्शी नावाची चॉकलेटची मोठी कंपनी आहे. १९९९ मध्ये त्यांनी सगळा कारभार नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचा ठरवला. खर्च ११ कोटी डॉलरच्या वर. सल्लागारांचा अंदाज चार वर्षांचा होता, तो अडीच वर्षांवर दाबला. आणि चालू कधी केलं, तर जुलैत. तिकडे हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो, पोरं दारोदार गोळ्या मागतात. म्हणजे आपल्याकडे नमकीनवाल्याने घटस्थापनेला जुनी वही बंद करून नवी उघडावी, तसं. माल गोदामात होता, ऑर्डर हातात होत्या, पण कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा हे सिस्टिम धड सांगेना. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेवर पोचल्या नाहीत. शेअर आपटला.

पुस्तकात याला 'अंमलबजावणीतील अपयश' म्हणतात. मी म्हणतो, सण कधी आहे ते मुनीमजींना विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या पन्नास किलोंबद्दल माझा अंदाज: रात्रपाळी. रात्री पॅकिंग चालतं का? आणि कॉम्प्युटर असलेल्या खोलीला रात्री कुलूप असतं का?

रामबागकर
दोन्हीचं उत्तर हो. पॅकिंग रात्री साडेबारापर्यंत चालतं. ऑफिसला आठ वाजता कुलूप. रात्रीची एंट्री सकाळी ऑफिसातला मुलगा येऊन करतो, उस्तादांना, म्हणजे मुख्य कारागिराला, विचारून.

पुणेकर_इंदुरी
मग ती एंट्री नव्हे, आठवण आहे.

कोडमाकडे
मला कळत नाही एवढा गोंधळ कशाला. मुनीमजींना मानाने निरोप द्या, वही बंद करा, प्रत्येकाच्या हातात टॅब द्या, बारकोड स्कॅनर घ्या. एक महिन्यात सगळं सरळ. जगात पहिला बारकोड दुकानात स्कॅन झाला १९७४ साली, च्युइंगगमच्या पाकिटावर. पन्नास वर्षं उलटून गेली आणि आपण अजून लाल वहीवर चर्चा करून राहिलोय.

उषाताई_लोकमान्यनगर
कोडमाकडे, तळणीच्या कढईपाशी उभं राहून टॅब हाताळलाय का कधी? बेसनाचे हात, तेलाचा धूर. माझ्याकडे एक टॅब होता. त्याच्यावर आता मी पापड लाटते असं म्हणत नाही, पण जवळपास तसंच.

माळवी_शेतकरी
आमचं गाव देवासच्या पुढे. हा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण माहितीने धंदा कसा बदलतो ते मी शाळेत असताना अंगणात बघितलंय.

सोयाबीन घेऊन वडील मंडीत जायचे. पहाटे ट्रॉली जोडायची, पोचल्यावर रांग. भाव काय ते तिथे गेल्यावर लिलावातच कळायचं. आवडला नाही तर? परत आणायचा खर्च कोण करणार. म्हणजे माल आमचा, पण भाव ठरवताना आम्ही आधीच हरलेले. आढत्याकडे दुसरं काहीच नव्हतं, फक्त आमच्या आधी भाव कळायचा.

मग जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर, छतावर उपग्रहाशी जोडणारी व्ही-सॅटची छत्री, कारण फोनच्या तारांचा भरवसा नव्हता. वीज जाते म्हणून सौर पॅनेल. त्या शेतकऱ्याला संचालक म्हणायचे, आणि त्याला गावासमोर शपथ घ्यावी लागायची. भाव तिथे बघायचा, नमुना दाखवायचा, पटलं तर माल थेट कंपनीच्या केंद्रावर न्यायचा. इलेक्ट्रॉनिक काटा, तिथेच पैसे, वर वाहतुकीचा खर्च. नाही पटलं तर मंडी होतीच. वडील बऱ्याचदा मंडीतच जायचे. पण जाताना भाव खिशात असायचा. लिलावात उभं राहायची त्यांची ढबच बदलली.

आणि आढत्यांचं काय झालं? त्यातल्या कित्येकांना कंपनीने संयोजक म्हणून सामावून घेतलं. पैसे पोचवणं, माल गोळा करणं, ही कामं त्यांनाच येत होती. म्हणून कोडमाकडेभाऊ, मुनीमजींना निरोप देण्याआधी त्यांना काय काय येतं त्याची यादी करा.

शून्यबाकी
+१. नंतर १४ एप्रिल २०१६ ला सरकारचं ई-नाम आलं, मंड्या एकमेकींना जोडायला. पण लांबच्या व्यापाऱ्याने न बघता बोली लावायची तर मालाची प्रत कोणी तपासायची, ओलावा कोणी मोजायचा, यावर गाडी अडते. भाव तारेतून जातो, दाणा नाही जात.

सेवानिवृत्त_महू
चर्चा छान चालली आहे. मी चाळीस वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं इतिहासाचं.

धंद्यासाठी कॉम्प्युटर प्रथम कोणी चालवला? बँकेने नाही, विमा कंपनीनेही नाही. इंग्लंडात लायन्स नावाची चहाच्या दुकानांची कंपनी होती. केक, पाव, चहा. १९४७ मध्ये त्यांनी दोन अधिकारी अमेरिकेला पाठवले, ऑफिसच्या कामाच्या नव्या पद्धती बघायला. तिथे त्यांना कॉम्प्युटरची कुणकुण लागली. केंब्रिजमध्ये तसं यंत्र बनत होतं, त्याला कंपनीने पैशाची मदत केली आणि मग स्वतःचं यंत्र बांधलं, नाव लिओ. १९५१ मध्ये त्याच्यावर पहिलं नियमित काम चालू झालं ते बेकरीच्या मालाचा हिशेब. म्हणजे रामबागकर, तुमचा शेवेचा हिशेब हीच या विद्येची गंगोत्री!

माझ्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यंत्र यायच्या कित्येक वर्षं आधीपासून त्या कंपनीत एक विभाग होता, ज्याचं काम फक्त कागद कुठून कुठे जातो ते तपासणं. दुकानातल्या बाईने लिहिलेली चिठ्ठी कोणाकडे जाते, तिथे किती वेळ पडून राहते, तिची नक्कल कोण करतं आणि कशाला. यंत्र आलं तेव्हा त्यांना कागदाच्या वाटा पाठ होत्या.

मुलीला माझा निरोप: पिरॅमिड बाजूला ठेव. बेसनाचं एक पोतं दारात उतरतं तिथपासून शेवेचं पाकीट टेंपोत चढेपर्यंत जेवढे कागद, जेवढे तोंडी निरोप, जेवढे फोन होतात, त्यांच्यामागे चालत जा. दोन दिवस लागतील. पायात चपला जाड घाल.

पोहेजिलबी
महूचे सर, वर्गात असं शिकवलं असतं कोणी तर मी बारावीला दोनदा बसलो नसतो.

संपादक
पोहेजिलबी, विषयाला धरून. हा दुसरा इशारा.

पोहेजिलबी
बरं, विषयाला धरून. माझा टेंपो आहे, इंदूर-भोपाळ. दोनशे किलोमीटरच्या आतलं अंतर, त्यामुळे ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद, एक दिवसाचं. एकदा रात्री गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत घातला, पण पोर्टलवर नवीन गाडीचा नंबर टाकायचा राहिला. नाक्यावर अडकलो पाच तास. माल तोच, मालक तोच, बिल तेच, फक्त नंबर प्लेट वेगळी. तेव्हा कळलं की कॉम्प्युटरच्या लेखी माल म्हणजे तो नंबर. हे कुठल्या पुस्तकात आहे का?

पुणेकर_इंदुरी
आहे, पण इतक्या चांगल्या शब्दांत नाही.

गौरी_बीबीए
नमस्कार. मी पोस्टकर्त्यांची मुलगी. बाबांनी हा धागा दाखवला, म्हणून खातं उघडलं.

परीक्षेसाठी नाही, खरंच शिकायचं असेल तर घरबसल्या काय करता येईल? क्लासची फी बघून बाबांचा चेहरा बघवला नाही.

पुणेकर_इंदुरी
गौरी, फी देऊ नकोस. सरकारच्या स्वयम पोर्टलवर या विषयाचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत आहेत. परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच पैसे. ते ऐक, पण फक्त ऐकू नकोस.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उतरवून घे आणि एज्युकेशनल मोडमध्ये चालव. त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेचीच एंट्री घेतं, पण शिकायला तेवढं पुरतं. उषाताईंचं कॅलेंडर एक महिन्याचं मागून घे, त्यांची परवानगी असेल तर, आणि ते टॅलीत बसवून बघ. कुठे अडतेस ते लिहून ठेव. सगळा महिना तीन तारखांत कोंबावा लागेल, ती चिडचिडही शिकवते.

मग ईआरपीनेक्स्ट बघ. आपल्या मुंबईत तयार झालेलं ईआरपी, मुक्तस्रोत. त्यात खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री सगळं एकाला एक जोडलेलं दिसेल. एक खोटा कारखाना उभा कर. शंभर किलो बेसन आत घे आणि शेव बाहेर काढ. सॉफ्टवेअर तुला विचारेल: शंभर किलोतून किती? त्या एका आकड्यासाठी तुला काकांच्या उस्तादांकडे जावं लागेल, आणि तिथे तुझा अभ्यास सुरू होईल.

उषाताई_लोकमान्यनगर
ये गं घरी. मार्चचं कॅलेंडर देते, तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी असते. येताना पिशवी आण.

रामबागकर
मंडळी, सोळा दिवसांनी लिहितोय. पन्नास किलो सापडले.

महूच्या सरांचं ऐकून बापलेक दोघं मिळून मागे चाललो. गौरीने वहीत बाण काढले. पहिल्या रात्री काहीच हाती लागलं नाही, फक्त कपड्यांना तेलाचा वास. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास पॅकिंगच्या टेबलापाशी बसलो होतो. शेव मोठ्या चाळणीतून घोळवतात, लांब शेव पाकिटात, खाली पडतो तो चुरा. चुरा पोत्यात. पोतं भिंतीला.

गौरीने विचारलं, "उस्तादजी, हे कुठे लिहितात?" उस्ताद हसले. म्हणाले, "बिटिया, चूरा कौन लिखता है."

तर झालं असं, की कढईतून माल उतरला की सॉफ्टवेअरमध्ये 'शेव' म्हणून वजन चढतं. पाकिटं भरली की तेवढी शेव कमी होते. चुरा मात्र सॉफ्टवेअरला माहीतच नाही. त्यामुळे तो स्क्रीनवर शेव म्हणूनच पडून राहतो, आठवडेच्या आठवडे. इकडे खरा चुरा दर बुधवारी एक कचोरीवाला रोखीने घेऊन जातो. महिन्याच्या शेवटी ऑफिसातला मुलगा 'स्टॉक ॲडजस्टमेंट' नावाची एक एंट्री मारून स्क्रीन आणि गोदाम जुळवतो. दोन वर्षं मारतोय. कारण म्हणून दर वेळी एकच शब्द: 'फरक'.

मुनीमजींच्या वहीत मात्र चुऱ्याला वेगळं पान आहे. त्या हिशेबाने शनिवारपर्यंत ४७ किलो. उरलेले तीन किलो चाखण्यात गेले असं ते म्हणतात, आणि त्याचंही पान आहे.

कोडमाकडे
मान्य. माझा स्कॅनर चुऱ्यावर चालला नसता. पण मग उपाय तर पाच मिनिटांचा आहे, नवीन आयटम तयार करा, 'चुरा', संपलं.

रामबागकर
मलाही तसंच वाटलं. साडूंना सांगायला गेलो तर मुनीमजी मधेच म्हणाले, जरा थांबा.

चुऱ्याचे पैसे गल्ल्यात येत नाहीत. ते एका पत्र्याच्या डब्यात जातात, साडूंच्या वडिलांच्या काळापासून. रात्रपाळीचा चहा त्यातून, दिवाळीला कारागिरांना मिठाई त्यातून, गेल्या वर्षी एका पोराचा हात भाजला तेव्हा औषधाचा खर्चही त्यातून. साडूंना डबा आहे हे माहीत होतं, किती जमतं ते नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. सॉफ्टवेअरवाला आला तेव्हा त्याने मालकांना विचारलं, "वेस्टेज किती?" मालक म्हणाले, "आमच्याकडे काही वाया जात नाही." खरंच सांगितलं त्यांनी.

आता चुरा स्क्रीनवर आला की किलो दिसणार, किलो दिसले की भाव दिसणार, भाव दिसला की डबा कंपनीचा होणार. उस्तादांना हे माझ्याआधी कळलं. त्या रात्रीनंतर गौरीला चहा मिळतो, पण माझ्याशी बोलणं कमी झालंय.

शून्यबाकी
काका, भावना समजतात, पण चुरा विकला ती विक्रीच आहे. बिल हवं, कर हवा. रोखीचा डबा उद्या कुणी तपासायला आलं तर तुमच्याच अंगावर येईल. चहाचा खर्च कर्मचारी कल्याण म्हणून रीतसर दाखवा, काही हरकत नाही.

माळवी_शेतकरी
रीतसर दाखवला की तो साहेबांनी दिलेला चहा होतो. आज तो त्यांचा स्वतःचा आहे. फरक आहे भाऊ.

सेवानिवृत्त_महू
गौरी, हे सगळं असाइनमेंटमध्ये लिहिलंस का?

गौरी_बीबीए
लिहिलं सर. बाणांचं चित्रही लावलं. मॅडमनी विचारलं पिरॅमिड कुठे आहे. मग मागच्या पानावर काढून दिला. दहापैकी सात.

रामबागकर
शेवटचं कळवतो, कारण तीन जणांनी निरोपातून विचारलंय.

साडू दोन दिवस काही बोलले नाहीत. काल संध्याकाळी मुनीमजी, उस्ताद आणि मला बसवलं. उस्तादांनी एवढंच विचारलं की दिवाळीपर्यंत थांबता येईल का. मुनीमजी वही मिटून बसले होते, पहिल्यांदाच.

आज सकाळी 'चुरा' हा आयटम तयार केला. वजन रात्रीच पॅकिंगच्या टेबलापाशी पाटीवर खडूने लिहायचं आणि सकाळी मुलाने पाटी बघून चढवायचं, असं ठरलंय. भावाच्या रकान्यात मी शून्य टाकलं आणि साडूंकडे बघितलं. ते म्हणाले, राहू दे सध्या.

शून्यबाकी
शून्य?

रामबागकर
सध्या.